मोसंबी चाखताच एका गालावर लाल पट्टा: ॲलर्जी की आणखी काही?

प्रश्न: बाळ ७ महिन्यांचं, वरचं अन्न सुरू होऊन महिना झालाय. मोसंबीचा रस, टोमॅटोचं सार, सफरचंदाचा गर, काहीही भरवलं की मिनिटभरात उजव्या गालावर, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत लाल पट्टा उठतो. अर्ध्या तासात मावळतो. खाज नाही, उलटी नाही. प्रसूती चिमटा (फोर्सेप्स) लावून झाली होती. घरच्यांनी फळं बंद करून नुसती पेज ठेवली आहे. रक्ताची ॲलर्जी तपासणी सुचवावी का?

उत्तर १: नको. हे फ्रे सिंड्रोमचं वर्णन वाटतं (पोलिश न्यूरॉलॉजिस्ट फ्रे यांनी १९२३ मध्ये मांडलेलं). कानापुढून जाणाऱ्या ऑरिक्युलोटेम्पोरल नसेतून पॅरॉटिड या गालातल्या लाळग्रंथीला ‘लाळ सोड’ असा निरोप जातो. चिमट्याच्या दाबाने नस दुखावली, तर तिचे धागे पुन्हा वाढताना वाट चुकतात आणि गालाच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्यांना जाऊन जुळतात. मग आंबट लागलं की लाळ सुटते आणि गालही लाल होतो. नुसत्या दुधाला लाळ फारशी सुटत नाही, म्हणून हे वरचं अन्न सुरू झाल्यावरच लक्षात येतं. मोठ्यांना त्या जागी घाम येतो, बाळांना क्वचितच.

उत्तर २: चिमटा न लागलेल्या बाळांतही दिसतं, तेव्हा बऱ्याचदा दोन्ही गालांवर. मात्र लाली ओठांभोवती, हनुवटीवर, जिथे रस लागला तिथेच असेल, तर ती आंबटाने त्वचा चुरचुरल्याची. भरवण्याआधी तिथे पेट्रोलियम जेली लावून बघा. लाली असताना फोटो काढायला सांगा, दवाखान्यात येईपर्यंत गाल साफ झालेला असतो. रक्ततपासणीचं म्हणाल तर ॲलर्जी नसतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग ताटातले पदार्थ विनाकारण कमी होत जातात.

प्रश्नकर्ता: अंडं, शेंगदाणा थांबवायचा का?

उत्तर १: उलट, उशीर केल्यानेच त्यांची ॲलर्जी होण्याचा धोका वाढतो. पूर्ण शिजलेलं अंडं आणि पेजेत कालवलेलं शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट द्या, एका वेळी एकच नवा पदार्थ, पाव चमच्यापासून. अख्खा दाणा नको, श्वासनलिकेत अडकतो. अंगभर गांधी, ओठ-डोळे सुजणं, लागोपाठ उलट्या, खोकला, घरघर, बाळ मलूल पडणं यातलं काही २ तासांच्या आत दिसलं, तर ते फ्रे नव्हे, ॲलर्जी असू शकते. श्वास अडला किंवा बाळ मलूल झालं तर थेट १०८.

उत्तर २: पट्ट्याला औषध लागत नाही. बहुतेक मुलांत तो वाढत्या वयात फिका होत जातो. मोसंबी पुन्हा सुरू करा.