मदत हवी आहे: विक्रीच्या फ्लॅटचे फोटो, हॉलची खिडकी पांढरीफटक येते

डोंबिवलीतला आईबाबांचा वन बीएचके विकायला काढलाय. हॉलला एकच खिडकी, पश्चिमेची. बाहेर मोकळं मैदान दिसतं, आणि गिऱ्हाईक भुलेल तर त्यावरच. पण फोटोत नेमकं तेच गायब! खोलीवर फोकस केला की खिडकी पांढरीफटक, खिडकीवर केला की सोफा काळोखात. फोनचा एचडीआर (उजेड आणि काळोख दोन्ही सांभाळणारा मोड) चालूच आहे, फारसा फरक नाही. ट्यूबलाइट लावली तर भिंती निळसर आणि कोपऱ्यातला बल्ब पिवळाजर्द, असे दोन रंग एकाच फोटोत येतात. दिवे बंद ठेवले तर रंग बरे, पण कोपरे मरतात.

०.५च्या वाइड लेन्सने हॉल ऐसपैस दिसतो, पण कडेचा फ्रिज तिरका होतो. शिवाय प्रत्यक्ष खोली बघून लोक हिरमुसतात, म्हणून ती नको. आता कोपऱ्यात ट्रायपॉड, छातीच्या उंचीवर, १एक्स म्हणजे साधी लेन्स. आतापर्यंतचे फोटो सगळे संध्याकाळचे, ऑफिसहून आल्यावर काढलेले.

फोन अँड्रॉइड, प्रो मोड (सेटिंग हाताने बदलता येतात तो) आहे. आईबाबा तिथेच राहतात, त्यामुळे सामान फार हलवता येणार नाही. फोटोग्राफरचं बजेट नाही, आणि खोटं निळं आकाश चिकटवायचं नाही.

तर सकाळी, ऊन मागच्या बाजूला असताना, दिवे बंद ठेवून एका फोटोत हे जमेल का? की कमी-मध्यम-जास्त एक्स्पोजरचे (उजेडाचे) तीन फोटो जोडावेच लागतील, आणि तसं असेल तर ते फोनवरच कशात जोडता?