फ्रेंच व्याकरण वाचणारा तो मुलगा: कीव कोणाची करायची?

परभणीकर:

कृष्णवर्णीयांना आधी हस्तव्यवसाय शिकवावा असे मानणारे अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तिथल्या अलाबामा राज्यातील एका फिरतीचे वर्णन केले आहे. एका खोलीचे घर, भोवती तण आणि घाण, आणि त्या घरात तेलकट डागांच्या कपड्यांत बसून एक कृष्णवर्णीय तरुण फ्रेंच व्याकरण शिकतो आहे. महिनाभराच्या फिरतीत पाहिलेल्या अत्यंत खेदजनक गोष्टींत त्यांनी हे दृश्य गणले. दोनच वर्षांनी, उच्च शिक्षणाचा आग्रह धरणारे कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी या प्रसंगावर नेमके बोट ठेवले आणि सॉक्रेटिस किंवा संत फ्रान्सिस यावर काय म्हणाले असते, असा खोचक प्रश्न विचारला.

माझे मत डुबॉइस यांच्या बाजूचे आहे. वंशभेद केवळ शाळेचे दार बंद करून चालत नाही. दार उघडल्यावर आत काय शिकवायचे, हे दुसऱ्याने ठरवण्यातही तो तितकाच असतो. तो मुलगा गोरा असता, तर त्याच खोपटातल्या त्याच पुस्तकाला आपण जिद्द म्हटले असते. आणि स्वतः वॉशिंग्टन यांची कन्या पोर्शिया पियानो शिकण्यासाठी जर्मनीला गेली होती, ही गोष्ट या वादात सहसा कोणी काढत नाही.

शाळामास्तर:

आपण निकाल फार लवकर दिला. अलाबामात टस्कीगी येथील वॉशिंग्टन यांची शाळा ४ जुलै १८८१ रोजी सुरू झाली, तेव्हा जवळपास तीस विद्यार्थी होते आणि छप्पर इतके गळके होते, की पाऊस आला की एक विद्यार्थी गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरून उभा राही आणि मग बाकीच्यांचे पाठ ऐकले जात. पुढे इमारतीसाठी विटा लागल्या. मुलांनी गुडघाभर चिखलात उतरून त्या पाडल्या, पण पहिल्या तिन्ही भट्ट्या वाया गेल्या आणि चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी स्वतःचे घड्याळ गहाण टाकले. ती भट्टी साधली. त्या विटा चांगल्या निघाल्यावर आसपासचे गोरे लोकही त्या विकत घ्यायला येऊ लागले. ज्यांच्या आईबापांना गुलामीच्या काळात अक्षर शिकवणे दक्षिणेतील कित्येक राज्यांत कायद्याने गुन्हा होता, त्यांच्या हाती सर्वांत आधी पोटापाण्याचे साधन द्यावे, असे एखाद्या शिक्षकाला वाटले, तर डुबॉइस यांच्यासारख्या हार्वर्डमध्ये शिकलेल्या माणसाला त्याला शरणागती म्हणण्याचा अधिकार कितपत आहे? वॉशिंग्टन स्वतः गुलाम म्हणून जन्मले होते. डुबॉइस मॅसॅच्युसेट्समध्ये, स्वतंत्र कुटुंबात. हा फरक तुमच्या मांडणीत कुठेच नाही.

आणखी एक. मताधिकार हिरावणाऱ्या अलाबामाच्या राज्यघटनेविरुद्धच्या खटल्यांना वॉशिंग्टन गुपचूप पैसे पुरवत होते. जाहीरपणे ते बोलू शकत नव्हते, कारण शाळा त्याच राज्यात चालवायची होती.

परभणीकर:

घड्याळाचा प्रसंग मलाही आवडतो, आणि गुप्त मदतीचा मुद्दा पूर्णपणे मान्य. परंतु १८ सप्टेंबर १८९५ रोजी अटलांटा येथे ते जे जाहीर बोलले, ते गुप्त नव्हते: सामाजिक बाबतीत आपण, गोरे आणि कृष्णवर्णीय, बोटांसारखे वेगळे राहू आणि प्रगतीच्या बाबतीत हातासारखे एक. उत्तरेतील गोऱ्या देणगीदारांना हे वाक्य फार सोयीचे वाटले आणि पैसा हस्तव्यवसायाच्या शाळांकडे वळला. डुबॉइस यांचा खरा युक्तिवाद तर याहून साधा होता. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत तयार झालेले शिक्षक नसते, तर टस्कीगी एक दिवसही चालली नसती. वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्गारेट मरे स्वतः फिस्क विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. वीट पाडायला शिकवणाराही आधी कुठेतरी शिकावा लागतो.

उगवती:

दोघेही दोन पुरुषांच्या कुस्तीतच रमला आहात. जिने ही लढाई वर्गात लढली, ती ॲना ज्युलिया कूपर. तीही गुलामीतच जन्मलेली. राजधानी वॉशिंग्टनमधील एम स्ट्रीट या कृष्णवर्णीयांच्या शाळेची ती मुख्याध्यापिका असताना मुले हार्वर्डसारख्या विद्यापीठांत प्रवेश मिळवत होती, आणि तेव्हाच शाळेचा अभ्यासक्रम हलका करावा असा वरून आग्रह झाला. तिने तो मानला नाही. १९०६ साली तिची जागा गेली. चार वर्षांनी त्याच शाळेत ती लॅटिन शिकवायला परतली आणि १९२५ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठाची डॉक्टरेट तिने मिळवली. फ्रेंच व्याकरणाचे काय करायचे असते, हे तिला विचारायला हवे होते.

पिंपळपार:

मी तिसरी बाजू मांडतो. डुबॉइस यांचा १९०३ मधला विचार असा, की समाजातील हुशार दशांशाला उच्च शिक्षण द्यावे आणि त्यांनी बाकीच्यांना वर ओढावे. मराठी वाचकाला हे ऐकून इंग्रज सरकारचा झिरपणीचा सिद्धान्त आठवायला हवा: वरच्या वर्गाला शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामीमुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, आणि १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे याच सिद्धान्तावर कोरडे ओढले: रयतेच्या घामाच्या पैशाने वरच्यांची महाविद्यालये चालतात आणि खेड्यात प्राथमिक शाळा नाही. मग फुले इथे कोणाच्या बाजूने उभे राहिले असते?

शाळामास्तर:

वॉशिंग्टन यांच्या, असे मी म्हणेन. कारण गोरे देणगीदार ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या पैशातून आणि वॉशिंग्टन यांच्या कल्पनेतून जो उपक्रम निघाला, त्यातून १९३२ पर्यंत दक्षिणेच्या खेड्यापाड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळपास पाच हजार शाळा उभ्या राहिल्या, आणि त्यांत गावकऱ्यांनी स्वतःची वर्गणी व श्रम घातले.

परभणीकर:

फुल्यांचा आक्षेप मला खोडता येत नाही, हे मान्य करतो. दशांशाच्या कल्पनेत अहंकार होता. डुबॉइस यांनी स्वतः १९४८ मध्ये ती दुरुस्त केली. तरीही फरक आहे. इंग्रजांचे झिरपणे आधीच वर असलेल्यांपासून सुरू होत होते, डुबॉइस यांचा दशांश मात्र कालपर्यंत विकल्या जाणाऱ्या माणसांतला होता. बाबासाहेबांनी १९४६ साली याच डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. महाविद्यालय, कार्यशाळा नव्हे.

उगवती:

शाळा पाच हजार झाल्या, पण त्यांतल्या पुस्तकांत काय होते? डुबॉइस यांनी १९३५ मध्ये अमेरिकेची क्रमिक पुस्तके तपासली, तेव्हा यादवी युद्धानंतरच्या काळातील सर्व कृष्णवर्णीय अडाणी, आळशी आणि उधळे होते, अशीच शिकवण त्यांत सापडली. कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९३३ साली लिहिले, की असे शिकलेल्या माणसाला मागच्या दाराने जा असे सांगावेही लागत नाही. मागचे दार नसेल, तर तो ते स्वतः पाडून घेईल. विटा की व्याकरण, हा वाद त्या पुस्तकापाशी येऊन थांबतो.

शाळामास्तर:

थांबत नाही, ताई. ते पुस्तक उघडायला आधी भिंती लागतात, आणि त्या मुलाच्या घराचे तण कोणी काढायचे, हे अजून कोणीच सांगितलेले नाही.

परभणीकर:

तण त्यानेच काढावे. पुस्तक मात्र त्याच्या हातातून घेऊ नये.