नववीला शाळा बदलायची आहे. पुण्यात कमी ताणाची खाजगी शाळा कशी ओळखावी?

निंबोणी:
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, आम्ही सिंहगड रोडला राहतो. सहावीपासून ती एका सीबीएसई शाळेत आहे, जिथे शाळेच्या वेळेतच जेईई-नीटचं फाउंडेशन घेतात. दर शनिवारी टेस्ट, आणि दर तीन आठवड्यांनी मार्कांवरून तुकडी बदलते. ए-वन, ए-टू, ए-थ्री. तुकडी बदलली की डबा खायला कोणाशेजारी बसायचं तेही बदलतं.

दिवाळीनंतर ती ए-वनमधून थेट ए-थ्रीत गेली. रडली नाही, चिडली नाही. मला वाटलं, बरं झालं, मनावर घेतलं नाही. डिसेंबरात तिची गणिताची वही चाळायला घेतली, तर पानांच्या शिवणीत बारीक बारीक केस. पापण्यांचे. डाव्या डोळ्याच्या निम्म्या पापण्या तिने उपटून काढल्या होत्या, आणि मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होते.

डॉक्टरांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं, ते चालू आहे. शाळा बदलायचा विचार करा, पण तिला बरोबर घेऊन, असं त्या म्हणाल्या. यांचं मत, दहावीपर्यंत कसंतरी काढावं. मला ते पटत नाही.

चार शाळा बघून आले. चारही ठिकाणी आनंददायी शिक्षण आणि फाटकावर टॉपर्सचे फोटो. मुलगी अभ्यासात कच्ची नाही, हे मुद्दाम सांगते. फी वर्षाला लाखाच्या आत हवी. बोर्ड बदललं तरी चालेल. कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

खडूफळा:
ताई, एसएससीच्या शाळेत २८ वर्षं गणित शिकवलं, त्यावरून सांगते. ऑफिसात 'ताण आहे का' असं विचारूच नका. नाही असंच सांगतात. तपासलेले पेपर वर्गात कसे वाटता, ते विचारा. नंबराप्रमाणे नाव पुकारून, की हजेरीपटाप्रमाणे? सगळं त्यात कळतं. मग मागच्या वर्षी नववीतून किती मुलं दाखला घेऊन गेली ते विचारा. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून नववीतच कच्च्या मुलांना वाट दाखवणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. असल्या शाळेत हुशार मूलसुद्धा भीतीखालीच असतं.

आणि शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी अर्धा तास उभ्या राहा. नववी-दहावीची मुलं शाळेतून थेट क्लासच्या गाडीत चढतात, की दोन-चार जण रेंगाळतात?

बोर्डाचं म्हणाल, तर बदल नववीच्या सुरुवातीलाच करा. सीबीएसईची नोंदणी नववीतच होते, आणि दहावीला बाहेरून आलेलं मूल घ्यायला कुठलंच बोर्ड सहसा तयार नसतं. आपल्या बोर्डात प्रत्येक विषयाचे २० गुण शाळेकडे असतात, लेखी ८० ची. गणिताचे ४०-४० चे दोन पेपर, विज्ञानाचेही तसेच. टक्केवारी सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांवर निघते. एखादा पेपर बिघडला तरी सगळं बुडत नाही, हे मुलांना माहीत असतं आणि त्याचा फार आधार असतो. मात्र एसएससी म्हणजे आपोआप निवांत, असं समजू नका. रोज चाचणी घेणाऱ्या एसएससी शाळाही ढीगभर आहेत.

राजगुरुनगर_रोड:
आमच्या मुलाला आम्ही दोन वर्षांपूर्वी असंच काढलं. आधी निवासी शाळेचा विचार होता. आमच्या भागात तिवई टेकडीवर कृष्णमूर्ती फाउंडेशनची सह्याद्री शाळा आहे, १९९५ पासूनची. स्पर्धा आणि तुलना नको, हा त्यांचा मूळ विचारच. पण ती निवासी, आणि मुलाला घर सोडायचं नव्हतं. मग एनआयओएस, म्हणजे रोज शाळेत न जाता दहावी देता येणारं राष्ट्रीय मुक्त विद्यालय, पाहिलं. वयाची १४ पूर्ण लागतात, पाच विषय पाच वर्षांत सवडीने देता येतात. पण दिवसभर घरी एकटं बसणं त्याला झेपलं नसतं, म्हणून तेही सोडलं.

शेवटी घराजवळच्या साध्या एसएससी शाळेत घातलं, वर्गात ३४ मुलं. खरं सांगतो वहिनी, पहिले तीन महिने वाईट गेले. जुने मित्र फोन उचलेनात, आणि 'मी हरलो म्हणून मला काढलं' हेच त्याच्या डोक्यात. आमची चूक अशी की शाळा आम्ही ठरवली आणि त्याला नुसतं कळवलं. तुम्ही तसं करू नका. आणि समुपदेशन शाळा बदलल्यावर लगेच थांबवू नका. कधी रात्री अवघड वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात. मी स्वतः दोनदा केला होता.

निंबोणी:
दोघांचेही मनापासून आभार. खडूफळा ताई, तुमचा पेपर वाटण्याचा प्रश्न मी रात्री जेवताना लेकीला सांगितला. ती घास तसाच धरून म्हणाली, "आई, आमच्याकडे तर खालून वर वाचतात. शेवटून पहिला आधी." तीन वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं. यांनी ऐकलं आणि ताट सारून उठून गेले. दहावीपर्यंत काढू, हे परत बोलले नाहीत.

गुरुवारी तिला घेऊन कर्वेनगरच्या एका शाळेत जाऊन आलो. एसएससी, इंग्रजी माध्यम, फी बजेटात. बाईंनी तिला आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर दोन तास बसू दिलं. योगायोगाने भूमितीचे पेपर मिळत होते. प्रत्येकाच्या बाकावर पेपर उलटा ठेवून बाई पुढे गेल्या. शेजारच्या मुलीने स्वतःचा उचलला, पाहिला, दप्तरात टाकला आणि हिला विचारलं, "तुला खो-खो येतो का?"

घरी येताना रिक्षात तीच म्हणाली, इथे चालेल. दाखल्याचा अर्ज सोमवारी देते. वर्ष संपेपर्यंत शनिवारच्या टेस्टला पाठवणार नाही, असंही लिहून देणार आहे. समुपदेशक बाईंकडे जाणं चालूच राहील.

नववीची इंग्रजी माध्यमाची बालभारतीची जुनी पुस्तकं कोणाकडे असतील तर कळवा. सुट्टीत तिला नुसती चाळायची आहेत म्हणते.