अँटिबायोटिक दिलं नाही म्हणजे उपचारच केला नाही?

रात्रपाळी:
काल इथे एकांनी लिहिलं, "मुलाला १०३ ताप, इमर्जन्सीत तासन्‌तास ताटकळलो आणि हातात काय, तर पॅरासिटामॉल! अँटिबायोटिक द्यायला यांचं काय जातं?" खाली 'अगदी बरोबर'ची रांग. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. मी मुलांच्या इमर्जन्सीतच काम करते.

तापाच्या आकड्यावरून अँटिबायोटिक ठरत नाही हो. व्हायरसनेही १०४ चढतो, आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. आम्ही पोर बघतो: श्वास किती जोरात चाललाय, हातपाय गार पडलेत का, छातीवर बोट दाबून सोडलं की रंग परत यायला किती वेळ लागतो, लघवी झालीय का. २८ दिवसांच्या आतलं बाळ असेल तर नुसता ताप पुरे. रक्त, लघवी, पाठीतलं पाणी तपासायला पाठवायचं आणि अँटिबायोटिक सुरू. सेप्टिक शॉक, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्ताभिसरणच कोलमडतंय असं वाटलं तर तासाच्या आत पहिला डोस. तिथे कुणी हात आखडत नाही. पण नाक गळतंय, छाती घरघरतेय असं ब्राँकिओलायटिसचं, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजलेलं तान्हं? बहुतेक वेळा आरएसव्ही नावाचा व्हायरस. त्याला अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक पाजून जुलाब तेवढे मिळतील.

दोघांचा_बाप:
वाचायला छान. माझ्या मुलीलाही असंच 'व्हायरल आहे' म्हणून घरी पाठवलं होतं. दोन दिवसांनी न्यूमोनिया, फुप्फुसाभोवती पू, छातीत नळी. तपासलं तेव्हा ती मजेत दिसत होती, कारण नर्सने आधीच ताप उतरवला होता! तुमचं 'पोर बघतो' तिथेच संपलं.

रात्रपाळी:
औषधाने ताप उतरला म्हणून आजार साधा, असं धरायचंच नसतं. तेवढं मान्य. पण व्हायरलवर नंतर जंतुसंसर्ग चढतो तो असाच, आणि पहिल्या दिवशी अँटिबायोटिक दिलं असतं तर टळला असता, हे कुणीच सांगू शकत नाही. परत कधी यायचं, हे सांगितलं होतं का?

दोघांचा_बाप:
"काही वाटलं तर या." बस्स. काही वाटलं म्हणजे काय वाटलं? मला तर रोजच काहीतरी वाटतं.

रात्रपाळी:
मग चूक तिथे झाली. औषध न देता घरी पाठवायचं तर बरगड्या आत ओढल्या जाणं, पिणं निम्म्यावर येणं, उठवूनही धड न उठणं, ही लक्षणं तोंडावर सांगून कागदावर लिहून द्यावी लागतात. नाहीतर ती नुसती बोळवण.

औषधवाला:
खरा घोळ वेगळाच आहे. तिसऱ्या दिवशी पोर उड्या मारायला लागलं की आईबाप औषध बंद करतात. कोर्स अर्धवट सोडला की जंतू शिरजोर! आधी त्यावर बोला.

शंकासुर:
आलं का पालुपद. कोर्सचे ते सात दिवस कुठून आले सांगा बरं? आठवड्याचे वार सात म्हणून! २०२१ सालचा कॅप-आयटी अभ्यास वाचा, ब्रिटन-आयर्लंडमधली ८१४ मुलं. साधा न्यूमोनिया, घरी सोडताना अमॉक्सिसिलिन तीन दिवस की सात? पुन्हा अँटिबायोटिक लागण्याचं प्रमाण जवळपास सारखंच. कॅनडात पाच विरुद्ध दहा दिवस करून पाहिले, तेच.

औषधवाला:
खोकला किती दिवस राहिला तेही सांगा की! सोयीचं तेवढं वाचायचं.

शंकासुर:
तीनवाल्यांचा १२ दिवस, सातवाल्यांचा १०. झालं समाधान?

औषधवाला:
नाही झालं. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल भाषणातच कमी डोसाबद्दल बजावलं होतं.

शंकासुर:
कमी डोस वेगळा, कमी दिवस वेगळे. फ्लेमिंगला उगाच मध्ये ओढू नका.

मावशी_उवाच:
अहो पंडित, माझ्या भावाची हृदयाची झडप लहानपणच्या घशादुखीनेच गेली. स्ट्रेप नावाच्या जंतूने घसा धरला तर पेनिसिलिन तोंडाने द्यायचं ते दहा दिवस, हृदयाच्या झडपा खराब करणारा र्‍हुमॅटिक फीव्हर टाळायला. तुमचे 'तीन दिवस' वाचून उद्या कुणी तेही बंद करेल. जबाबदारी घेणार?

शंकासुर:
मी न्यूमोनियाबद्दल बोललो. आणि मुलांचे बहुतेक घसे व्हायरलच असतात.

मावशी_उवाच:
बहुतेक! उरलेल्यांत माझा भाऊ होता.

दोघांचा_बाप:
आणि त्या ८१४ मध्ये फुप्फुसाभोवती पू झालेली किती होती?

शंकासुर:
एकही नाही. गुंतागुंतीची मुलं घेतलीच नव्हती.

दोघांचा_बाप:
वा. म्हणजे आमची मुलं सोडून सगळ्यांना लागू.

रात्रपाळी:
दिवस लिहून देणाऱ्याने आजार बघून ठरवायचे; घरी मनाने कमी करू नका, मनाने वाढवूही नका. आता मूळ विषयावर याल का?

नवीन_आई:
मध्येच विचारते. मागच्या वेळचं अर्धं अमॉक्सिसिलिन फ्रिजमध्ये आहे. रात्री ताप आला तर सुरू करू का?

औषधवाला:
नको!! पाणी घालून तयार केलेलं सिरप जास्तीत जास्त दोन आठवडे टिकतं, काही तर आठवडाभरच. शिवाय तो डोस तेव्हाच्या वजनाचा होता. दुकानात परत नेऊन द्या.

शंकासुर:
इथे पहिल्यांदाच औषधवाल्यांशी सहमत. बाकी सात दिवसांचं उत्तर अजून आलेलं नाही.