चर्चा: मेडनच्या 'सर्वोत्तम' संग्रहात चर्चिलला जागा, डिआनोला नाही. चालेल काय?

नव्वदची कॅसेट (टिळकवाडी)

परवा भाच्याशी वाजलं. पोरगं अकरावीत आहे, सहा महिने झाले आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या नादाला लागून. बोलता बोलता मी म्हटलं, पहिल्या दोन आल्बमना पॉल डिआनो गायलाय, डिकिन्सन नंतर आला. तर ते मलाच शिकवायला लागलं. "मामा, कायतरी काय सांगतोस. हे बघ." म्हणून मोबाइल नाकासमोर धरला. 'समव्हेअर बॅक इन टाइम', २००८ चा संग्रह, नावाखाली १९८० ते १९८९ मधलं सर्वोत्तम असं लिहिलेलं. "चौदाच्या चौदा गाणी ऐकली, एकच आवाज आहे."

आणि पोरगं खोटं बोलत नव्हतं, हीच तर माझी तक्रार आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: १९८० चा पहिला आल्बम आणि १९८१ चा 'किलर्स' हे दोन्ही डिआनोच्या आवाजात. त्या दोन्हींतली मिळून तीन गाणी या संग्रहात आहेत. 'फँटम ऑफ द ऑपेरा', 'रॅथचाइल्ड' आणि बँडच्या नावाचं 'आयर्न मेडन'. पण तिन्हींची मूळ ध्वनिमुद्रणं न घेता १९८५ च्या 'लाइव्ह आफ्टर डेथ' मधून डिकिन्सननं स्टेजवर म्हटलेली घातलीत. म्हणजे बघा, कव्हरवर १९८० लिहिलंय आणि आत १९८२ च्या आधी वाजवलेला एक सूर नाही. सुरुवातीला 'एसेस हाय'च्या आधी चर्चिलचं १९४० चं भाषण मात्र आहे. चर्चिलला जागा मिळाली, डिआनोला नाही!

डिआनो ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. तेव्हापासून हे जास्तच खुपतंय.

मी संग्रहांच्या विरोधात नाही. मी स्वतः इथं बेळगावात, खडेबाजारातल्या एका दुकानात नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घेऊन मेडन शिकलो. दुकानदार त्याला आवडतील ती गाणी भरायचा. 'हॅलोड बी दाय नेम' ए बाजूच्या शेवटी टाकलेलं, त्यामुळे फाशीचा कैदी दोरापर्यंत पोचायच्या आधीच टेप खटकन बंद. ते गाणं संपतं कसं हे मला दोन वर्षांनी कळलं. पण अपुरं ऐकवणं वेगळं आणि माणूसच बदलून ऐकवणं वेगळं. बोला आता.

उद्यमबाग दुसरी शिफ्ट

काय बोलूलास मामा! अरे तो संग्रह तुझ्यासाठी नव्हताच की. १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला, मे महिन्यात हा आल्बम आला. ऐंशीच्या दशकातली गाणी घेऊन जगभर फिरायचं आणि सोबत नव्या पोरांना तोंडओळख करून द्यायची, एवढाच उद्देश. स्टेजवर कोण येणार? डिकिन्सन. मग पोरांनी त्याच्या आवाजात ऐकलं तर बिघडलं कुठं?

दुसरं, पहिल्या आल्बमचा आवाज खरोखर पातळ आहे. निर्माता विल मलोननं केलेलं ते काम खुद्द स्टीव्ह हॅरिसला आवडलं नव्हतं. ज्यानं बँड काढला त्यालाच जे ध्वनिमुद्रण पसंत नाही, ते त्यानं अठ्ठावीस वर्षांनी परत का विकावं? आम्ही फाउंड्रीत ब्लो-होल (हवेचं भोक) पडलेलं कास्टिंग पुढं धाडत नाही, वितळवून परत ओततो.

नव्वदची कॅसेट (टिळकवाडी)

पहिल्या आल्बमपुरतं मान्य. पण 'रॅथचाइल्ड' 'किलर्स'मधलं आहे आणि 'किलर्स' मार्टिन बर्चनं केलाय. त्याच बर्चनं पुढं 'नंबर ऑफ द बीस्ट' केला, 'पॉवरस्लेव्ह' केला, १९९२ पर्यंत मेडनचं सगळं त्यानंच केलं. तिथं कुठलं ब्लो-होल होतं? ते कास्टिंग चोख असूनही का वितळवलं?

उद्यमबाग दुसरी शिफ्ट

हां, हे बरोबर धरलंस. 'रॅथचाइल्ड'ला माझ्याकडे उत्तर नाही. चहा पिऊन येतो.

निपाणीचा सातवा

तुम्ही दोघंही चुकीच्या ठिकाणी भांडताय. डिआनो असता तरी हा संग्रह ऐकू नये. कुठलाच ऐकू नये. १९८८ चा 'सेव्हन्थ सन' घ्या. एका मुलाची सलग गोष्ट आहे, एक गाणं दुसऱ्याच्या खांद्यावर उभं. त्यातली दोन उचलून इथं आणली, तीसुद्धा एकमेकांपासून तोडून, मध्ये 'रॅथचाइल्ड' घुसवून. 'पॉवरस्लेव्ह'मधलं तेरा मिनिटांचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' गायब. का, तर लांब आहे. कव्हरवरचा एडी (मेडनच्या प्रत्येक कव्हरवरचा तो सांगाडा) अर्धा 'समव्हेअर इन टाइम'चा, संग्रहाचं नावही त्याच्यावरून, आणि त्या आल्बममधलं गाणं किती? एक. 'वेस्टेड इयर्स'.

नुसत्या गजरानं भजन होतं काय? मेटॅलिकानं आजवर असला संग्रह काढला नाही, एसी/डीसीनं काढला नाही. आल्बम म्हणून केलंय तर आल्बम म्हणून ऐका.

शहापूरची हरिपाठवाली

निपाणीकर, भजनाचं तुम्हीच काढलंत म्हणून बोलते. आमचे आजोबा रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायचे. गाथा कपाटात होती, साडेचार हजारांवर अभंग. त्यांनी ती कधी सलग वाचल्याचं मला आठवत नाही. म्हणून ते वारकरी नव्हते काय? ज्याला दिवसभर मागावर बसायचंय तो रोज म्हणता येईल तेवढंच घेणार. मी कॉलेजात जाताना बसमध्ये हाच संग्रह ऐकला, वडगाव ते कॅम्प, रोज चार गाणी. मला मेडन कळलं नाही असं कुणी म्हणून दाखवावं.

शुद्धलेखनवाला (खानापूर)

ताई, मुद्दा पोचला, पण एक दुरुस्ती. हरिपाठ ही गाथेतली निवड नव्हे. ज्ञानेश्वरांचा हरिपाठ स्वतंत्र रचना म्हणून आहे आणि साडेचार हजारांची गाथा तुकोबांची. म्हणजे तुमच्या हिशेबानं हरिपाठ झाला पूर्ण आल्बम. निपाणीकरांचाच मुद्दा तुम्ही बळकट केलात.

शहापूरची हरिपाठवाली

बरं बाबा. मग आमच्या मंडळाची निवडक अभंगांची वही धर. तिच्यात ज्ञानोबा, तुकोबा, नामदेव, जनाबाई सगळे आहेत, प्रत्येक अभंगाखाली ज्याचं त्याचं नाव. आता बोल.

नव्वदची कॅसेट (टिळकवाडी)

ताई, वहीत "तुका म्हणे" पुसून दुसऱ्याचं नाव घातलेलं असतं तर तुम्ही ती वही ठेवली असती? मी तेवढंच म्हणतोय.

जुनी पदं

इथं मी मामांच्या विरुद्ध. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर. त्यांचं 'शाकुंतल' १८८० चं. पहिल्या प्रयोगात ज्यांनी पदं म्हटली त्यांचा आवाज आज हयात असलेल्या कुणीही ऐकलेला नाही. पदं मेली काय? त्यानंतर किती नटांनी ती आपापल्या गळ्यानं म्हटली. चाल टिकली, शब्द टिकले, ऐकणारेही मिळत गेले. 'फँटम' हॅरिसनं लिहिलंय, डिआनोनं नव्हे. आपण नाट्यसंगीत ऐकणारे लोक, गाणं एका गळ्यालाच बांधायचं असतं हे आपण कधीपासून मानायला लागलो?

आणि खरं सांगा, लाइव्हमधल्या 'फँटम'मध्ये डिकिन्सन ज्या ताकदीनं वर जातो ते मूळ ध्वनिमुद्रणात आहे काय?

निपाणीचा सातवा

जुनी पदं, मुद्दा तालेवार आहे, पण १८८० मध्ये टेप नव्हती. त्यांच्याकडे मूळ आवाज नव्हताच, म्हणून दुसऱ्यांनी गायलं. इथं मूळ टेप शाबूत आहे आणि मुद्दाम बाजूला ठेवलीय. घरात आजोबांचा फोटो असताना भिंतीवर काकांचा फोटो लावून खाली आजोबांचं नाव घातल्यासारखं झालं हे.

(मी मामांच्या बाजूनं बोलतोय असं दिसतंय. तसं समजू नये. कॅसेट भरून घेणाऱ्यांवर माझा अजूनही राग आहे.)

गल्ली नंबर तीन

आपल्याकडे पाट्यांवर नवं नाव रंगवतात, दोन उन्हाळ्यांत खालची जुनी अक्षरं परत दिसायला लागतात. डिआनोचंही तसंच होणार.

शुद्धलेखनवाला (खानापूर)

पाट्यांचा विषय नको रे बाबा. मागच्या वेळी पाववड्याच्या धाग्यात पाटी आली आणि चारशे प्रतिसादांनंतर पाववडा राहिला बाजूलाच.

राणी चेन्नम्मा, बर्थ ४१

मी १७ मार्च २००७ ला बेंगळूरला होतो. पॅलेस मैदान. आदल्या रात्री राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसनं आम्ही सहाजण निघालो, घरी सांगितलं मित्राच्या बहिणीचं लग्न आहे. काळा टी-शर्ट घालून लग्नाला कोण जातं हे आईनं विचारलं नाही, हे तिचे उपकार.

तिथं 'आयर्न मेडन' सुरू झालं. पहिल्या आल्बममधलं, डिआनोच्या काळातलं. मैदानातल्या प्रत्येक पोराला शब्द पाठ. माझ्या शेजारी हुबळीचा एक होता, मराठीचा एक शब्द येत नव्हता, मला तेव्हा कन्नड धड येत नव्हतं, आणि आम्ही दोघं गळ्यात गळा घालून इंग्रजीत किंचाळत होतो. त्या क्षणी मूळ कुणी गायलं हे कुणाच्या डोक्यात होतं? माझ्या तरी नव्हतं. माझ्यासाठी ते गाणं म्हणजे ती रात्र. म्हणून संग्रहात लाइव्ह आहे ते मला पटतं. ते गाणं स्टुडिओतलं नाहीच, मैदानातलं आहे.

डिआनोला विसरावं असं मी म्हणत नाही. पण मामा, तुमचा भाचा तेव्हा जन्मला तरी होता काय? त्याला त्याचं मैदान मिळू दे की.

नव्वदची कॅसेट (टिळकवाडी)

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. मी त्या वेळी तिकिटाचे पैसे असूनही गेलो नव्हतो, ऑफिसात सुट्टी मागायचं धाडस झालं नाही. ते असू दे.

मैदानातलं गाणं मैदानातलंच, कबूल. पण मग कव्हरवर तसं म्हणा. "डिकिन्सनच्या आवाजातलं सर्वोत्तम" म्हणा, मी दोन प्रती घेतो. १९८० लिहायचं आणि १९८० वगळायचं, याला आमच्याकडे मापात मारणं म्हणतात. २०११ ला दुसरा भाग आला, 'फ्रॉम फियर टू इटर्निटी', त्यातही तेच. मधल्या काळातला गायक ब्लेझ बेली, त्याच्या वेळची 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' घेतली, दोन्ही डिकिन्सनच्या आवाजात. एकदा झालं तर योगायोग म्हटलं असतं.

उद्यमबाग दुसरी शिफ्ट

चहा झाला. आता हे घे. मेडनची गाणी एलपीवर पहिल्यांदा कशात आली? 'मेटल फॉर मुथाज', १९८०, त्यांच्या स्वतःच्या पहिल्या आल्बमच्याही आधी. आणि ते काय होतं? संग्रह! अनेक बँडांची गाणी एकत्र करून काढलेला. त्यात 'सँक्च्युअरी' आणि 'रॅथचाइल्ड' होती, डिआनोच्याच आवाजात. ज्या संग्रहांना निपाणीकर शिव्या घालतायत, त्यातल्याच एकानं तुमच्या डिआनोला बाजारात आणलं.

निपाणीचा सातवा

तो नव्या बँडांचा नमुना होता. सर्वोत्तम वगैरे नव्हे. भाताचं शीत आणि पंगत यांत फरक आहे.

उद्यमबाग दुसरी शिफ्ट

शितावरूनच भात कळतो, हे पण तूच सांग की मग.

लेमीचा भाडेकरू

चर्चा मेडनचीच आहे, तरी मोटरहेड आणतो. १९८४ मध्ये त्यांच्या कंपनीला जुन्या गाण्यांचा संग्रह काढायचा होता. त्यांचा गायक लेमी अडून बसला की नव्या लोकांना घेऊन केलेली चार नवी गाणी घालणार असाल तर काढा. 'नो रिमोर्स' तसा निघाला आणि त्यातलं 'किल्ड बाय डेथ' तर नव्यांतलंच. संग्रह काढायचा तर असा, बँड अजून जिवंत आहे असं दाखवणारा.

मेडनलाही हे जमत होतं. १९९६ चा 'बेस्ट ऑफ द बीस्ट' बघा, दोन सीडींचा. 'व्हायरस' या नव्या गाण्यापासून सुरू होतो आणि उलटा मागं मागं जातो. आधी बेली, मग डिकिन्सन, मग डिआनो. खाली उतरत तळघरात गेल्यासारखं. मामा, भाच्याला तो द्या आणि हा धागा मिटवा.

नव्वदची कॅसेट (टिळकवाडी)

दिला. काल रात्री, तुमचं लिहून व्हायच्या आधीच. शेजारी बसवून 'फँटम' दोन्ही ऐकवली, आधी १९८० चं, मग लाइव्ह. डिआनोचा तो खरखरीत, रस्त्यावर भांडण काढल्यासारखा आवाज सुरू झाला तसं पोरगं पुढं सरकून बसलं. संपल्यावर म्हणतंय, "मामा, हा गल्लीतला वाटतो. डिकिन्सन किल्ल्यातला."

मी म्हटलं, मग कुठलं आवडलं? तर म्हणे 'फँटम' गल्लीतलं, 'आयर्न मेडन' किल्ल्यातलं, आणि 'रॅथचाइल्ड' अजून ठरलं नाही, परीक्षा झाल्यावर सांगतो.

खडेबाजारची ती कॅसेट पण काढून दाखवली. टेप बाहेर आलीय, पेन्सिल घालून गुंडाळली, पण लावायला घरात काही चालू नाही. कुणाकडे टेपरेकॉर्डर आहे काय, बेल्ट चांगला असलेला?

राणी चेन्नम्मा, बर्थ ४१

माझ्याकडे आहे. ए बाजू थोडी हळू चालते. रविवारी कॅम्पात घेऊन येतो, भाच्याला पण आणा.