शाळेत दरवर्षी सगळ्या पोरांची शुगर तपासायला हवी. पटतं का?

बर्डीकर_मामा
माझी भाची नऊ वर्षांची. मे महिन्यात तांब्यावर तांबे पाणी प्यायची. आम्ही म्हणायचो, नागपुरात पारा 45 वर, पोरगी पाणी पिणारच ना बाप्पा! रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं, त्यावरून बिचारीनं बोलणीही खाल्ली. मग पोटदुखी, उलट्या. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं, आणि शुगरचं विचारलं तर "उद्या उपाशीपोटी या". पहाटे धाप लागली, थेट आयसीयू. शुगर 512, टाइप वन, म्हणजे शरीरात इन्सुलिनच बनत नाही तो मधुमेह. शाळेच्या तपासणीत दात बघतात, उंची मोजतात. त्यातच एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, केली असती तर हे टळलं असतं.

लॅबवाला
मामा, वाईट वाटलं. पण उपाय चुकतोय. टाइप वन काही आठवड्यांत उफाळतो. जुलैत नॉर्मल रिपोर्ट आणि दिवाळीत आयसीयू, असं सहज होईल. त्यात आपल्या विदर्भात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, एचबीएवनसी खोटी कमी येते. लोह कमी असलेल्या पोरीत उलट, खोटी जास्त. कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवणार?

धरमपेठची_आई
लॅबवाले दादा, तुमचं अर्धंच खरं. माझा मुलगा अकरावीत, 94 किलो. ना तहान, ना वजन घटलं. मानेवर काळा पट्टा होता, तो मी दोन वर्षं उटण्यानं घासत होते! कॉलेजच्या शिबिरात सहज रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, टाइप टू, म्हणजे इन्सुलिन असूनही नीट काम करत नाही तो मधुमेह. लक्षणांची वाट पाहिली असती तर?

लॅबवाला
ताई, मग तशाच मुलांची तपासा ना. वजन जास्त, घरात मधुमेह, मान काळी: अशांची वयाच्या दहाव्या वर्षापासून किंवा वयात येताना. मोठ्यांना नुसतं वय पुरतं. अमेरिकन डायबिटीज असोसिएशन पस्तिशीपासून सगळ्यांनाच तपासा म्हणते. आकडे मात्र दोघांना तेच: उपाशीपोटी 126, एचबीएवनसी 6.5, लक्षणं असतील तर कधीही घेतलेली 200. मामांच्या भाचीला उपाशीपोटीची गरजच नव्हती. मोठ्या माणसाला "उद्या या" चालून जातं, पोराला नाही.

इतवारी_एक्स्प्रेस
काहून घाबरवता? शाळेत पोरीच्या नावावर शुगर लागली की लग्नापर्यंत पुसली जात नाही. शाळेनं यात पडूच नये.

बर्डीकर_मामा
भाऊ, आयसीयूच्या दारात बसा एकदा, मग लग्नाचं बोलू.

रात्रपाळी
वयावरून प्रकार ठरवू नका एवढंच सांगतो. मला 29 व्या वर्षी टाइप टू म्हणून वर्षभर गोळ्या दिल्या, वाळून काटकी झालो. दुसरीकडे जीएडी अँटीबॉडी (शरीर स्वतःच्याच इन्सुलिन-पेशींवर उठलंय का ते कळतं) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते कळतं) केलं, निघाला टाइप वन. इन्सुलिनवर महिन्याभरात सहा किलो परत आले.

बर्डीकर_मामा
बरं, एचबीएवनसी सोडतो. पण प्रत्येक शाळेत ग्लुकोमीटर हवाच. पोरगं सारखं पाणी-लघवी करतंय, रोडावलंय, की बोटाला टोचा. 200 च्या वर दिसली की त्याच दिवशी दवाखाना.

लॅबवाला
याला माझी ना नाही. फक्त पट्ट्यांची एक्स्पायरी कोण बघणार, तेही ठरवा. आणि आपल्या उन्हात डबी खिडकीत ठेवू नका.