अटारी एसटी: थोडे फोल्डर उघडले की हार्ड डिस्क बिघडल्यासारखी का दिसते?

हिरवा_पडदा

१०४० एसटी (अटारीचा ऐंशीच्या दशकातला संगणक), टॉस (त्याची ऑपरेटिंग सिस्टिम) १.०२, ३० एमबीची हार्ड डिस्क, सी आणि डी असे दोन पार्टिशन. डीवर फोल्डर वाढल्यापासून एक त्रास सुरू झालाय. मशीन चालू केल्यावर बराच वेळ सगळं ठीक असतं. मग मध्येच एखादा फोल्डर उघडला की आत काहीच नाही, नाहीतर नावांच्या जागी चिन्हांची खिचडी. रीसेट केलं की सगळं जागच्या जागी. डिस्क तपासली, खराब सेक्टर एकही नाही.

४० फोल्डरांची मर्यादा म्हणतात ती हीच का? ४० म्हणजे अख्ख्या डिस्कवर ४०, की एका फोल्डरात ४०? फोल्डर न पुसता काही करता येईल का?

रिकामा_पूल

मर्यादा हीच, पण दोन्ही अर्थ चुकीचे. डिस्कवर ४०० फोल्डर असले तरी बिघडत नाही. मशीन सुरू झाल्यापासून जेमडॉसच्या (टॉसमधला फाइली सांभाळणारा भाग) नजरेखालून किती फोल्डर गेले, तो हिशेब महत्त्वाचा.

जेमडॉस स्वतःच्या नोंदींसाठी रॅमचा एक ठरावीक तुकडा (पूल) बाजूला ठेवतं. नजरेस पडलेल्या प्रत्येक फोल्डरची नोंद त्यात होते, आणि १.०० व १.०२ मध्ये ती जागा जवळपास कधीच परत मिळत नाही. गंमत अशी की फोल्डर उघडावा लागतच नाही, यादीत दिसला तरी नोंद होते. समजा सीच्या रूटवर (सगळ्यात वरच्या पातळीवर) ६ फोल्डर आहेत आणि डीच्या रूटवर २८. दोन्ही खिडक्या उघडल्या की दोन रूट धरून ३६ नोंदी झाल्या, आणि अजून एकाही फोल्डरात पाऊल टाकलेलं नाही. पुढे पाच पोटफोल्डर असलेला एखादा फोल्डर उघडला की ४१.

४० हा आकडाही दगडावरची रेघ नाही. उघड्या फाइली आणि प्रोग्रामनी मागितलेली मेमरी यांच्या नोंदी त्याच तुकड्यात जातात. त्यामुळे एखादा हावरट प्रोग्राम चालू असेल तर तिशीतच घोळ होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: फोल्डर रिकामा किंवा विचित्र दिसला की काहीही सेव्ह करू नका. तोपर्यंत बिघाड बहुतेक वेळा फक्त रॅममध्ये असतो, म्हणूनच रीसेटने सगळं परत येतं. त्या अवस्थेत एक फाइल जरी लिहिली तरी चुकीची डिरेक्टरी किंवा फॅट (कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याचा तक्ता) डिस्कवर उतरू शकते, मग रीसेटचा उपयोग नाही.

पहिला_ऑटो

उपाय म्हणजे अटारीच्या हार्ड डिस्क ड्रायव्हरबरोबर येणारा छोटा प्रोग्राम. नावाचं स्पेलिंग नीट बघा: एफ-ओ-एल-डी-आर (मधला ‘ई’ नाही), त्याला चिकटून तीन आकडे, पुढे .पीआरजी. किती फोल्डरांची जागा वाढवायची हे तो स्वतःच्या नावातल्या आकड्यांवरून ठरवतो. नावात १०० असेल तर मूळच्या जागेत आणखी १०० फोल्डरांची भर. ५० हवे असतील तर ०५०, नुसतं ५० नाही.

१. प्रोग्रामवर एकदा क्लिक करून ‘शो इन्फो’ घ्या, नावातले आकडे बदला आणि ओके करा. तुमच्या डिस्कला २०० पासून सुरुवात करा.

२. सीवरच्या ऑटो फोल्डरात (मशीन सुरू होताना यातले प्रोग्राम आपोआप चालतात) तो पहिला हवा. ऑटोमधले प्रोग्राम अक्षरक्रमाने चालत नाहीत, डिरेक्टरीत ज्या क्रमाने नोंदले गेले त्या क्रमाने चालतात. खिडकीत दिसणारा क्रम फसवा असतो. म्हणून ऑटोमधलं सगळं दुसऱ्या एका फोल्डरात कॉपी करा, ऑटो रिकामा करा, आणि मग एकेक फाइल हव्या त्या क्रमाने परत आणा. सगळ्या एकदम ओढू नका.

३. वेगवेगळ्या आकड्यांच्या दोन प्रती ऑटोमध्ये ठेवू नका. डेस्कटॉपवरून डबल-क्लिक करून चालवण्यातही अर्थ नाही, त्याची जागा ऑटोच.

४. रीसेट.

काही कारणाने बंद करायचा झाला तर .पीआरजीचं .पीआरएक्स करा, पुढच्या वेळी तो वगळला जातो. जागा रॅममधून जाते, पण २०० फोल्डरांना फार तर काही दहा केबी. १ एमबीच्या मशीनवर जाणवणार नाही. ५१२ केबीवाल्यांनी मात्र ९९९ टाकायचा मोह आवरावा.

हिरवा_पडदा

नावात २०० करून सीच्या ऑटोमध्ये पहिला ठेवला. फरक शून्य. ड्रायव्हर सध्या फ्लॉपीवरून चढतो, त्याचा काही संबंध?

पहिला_ऑटो

तोच संबंध. ज्या ड्राइव्हवरून मशीन सुरू होतं त्याचा ऑटो चालतो, आणि तुमच्याकडे तो ए आहे. एक प्रत फ्लॉपीच्या ऑटोमध्ये टाका. खरं तर ड्रायव्हर एचइन्स्टॉल (HINSTALL) वापरून सीवरच बसवलेला बरा, म्हणजे फ्लॉपी लागणारच नाही.

प्रोग्राम पीसीवरून आणणार असाल तर फ्लॉपी पीसीवरच ७२० केबीला फॉरमॅट करा. एसटी ती वाचतो. १.०२ वर फॉरमॅट केलेली फ्लॉपी पीसी सहसा ओळखत नाही.

सहा_सॉकेट

दुसरा मार्ग टॉस १.०४ चा. टॉस रॉम चिपांवर असतं, म्हणजे चिपा बदलायच्या. त्यात या जागेची व्यवस्था नव्याने लिहिली आहे. नको असलेल्या नोंदी मोकळ्या होतात, आणि तरीही जागा संपलीच तर मशीन स्क्रीनवर तसं सांगून थांबतं. गुपचूप खिचडी होत नाही. माझ्या मते डेटा वाचवण्याच्या दृष्टीने हा एकच फरक चिप बदलायला पुरेसा आहे. वरचा प्रोग्राम १.०४ वरही ठेवाच, आकडा लहान चालेल.

१.०४ सुद्धा १९२ केबीचंच, त्यामुळे जुन्या जागी बसतं. बोर्डावर सहा रॉम सॉकेट असतील तर २७सी२५६ च्या सहा ईप्रॉम (पुन्हा लिहिता येणाऱ्या रॉम चिपा) लागतात. दोनच सॉकेट असतील तर ते २८ पिनांचे असतात आणि १ मेगाबिटची २७सी०१० ही ३२ पिनांची; सरळ बसत नाही, अडॅप्टर लागतो. एसटीईचं (एसटीचं नंतरचं मॉडेल) १.०६ किंवा १.६२ यात घालू नका. ती २५६ केबीची आहेत आणि पत्ताही वेगळा आहे.

हिरवा_पडदा

फ्लॉपीच्या ऑटोमध्ये टाकल्यावर चाललं. आता नेमके किती फोल्डर आहेत ते मोजून आकडा ठरवावा म्हणतो. डीच्या आयकॉनवर ‘शो इन्फो’ केलं की फोल्डरांची संख्या येते ना?

रिकामा_पूल

येते, पण ती मोजायला तो फोल्डरांचं अख्खं झाड फिरतो, म्हणजे एका फटक्यात सगळ्या फोल्डरांची नोंद. आधी ४००-५०० चा आकडा ठेवून रीसेट करा, मगच सी आणि डीवर ‘शो इन्फो’ घ्या. दोन्हींची बेरीज, अधिक दोन रूट, अधिक फ्लॉप्यांसाठी २०-३०, एवढा आकडा कायमचा ठेवा.

फाइल शोधणारे, बॅकअप घेणारे आणि व्हायरस तपासणारे प्रोग्रामही असेच झाडभर फिरतात. मर्यादा वाढवलेली नसताना बॅकअप घेतला तर खिचडीचाच बॅकअप मिळू शकतो. ज्या मशीनवर हा प्रोग्राम नाही तिथे एका वेळी एकच पार्टिशन घ्या आणि मध्ये रीसेट करा.

सहा_सॉकेट

डिस्कचे आणखी तुकडे पाडावेत असं कोणी सुचवलं तर एवढं लक्षात ठेवा: प्रत्येक नवं पार्टिशन म्हणजे आणखी एक रूट, तीही नोंद धरली जाते. त्यापेक्षा चार-चार फाइलींचे फोल्डर एकत्र करा. तुमच्या १६ एमबीच्या आतल्या पार्टिशनवर क्लस्टर (डिस्कवर दिली जाणारी सगळ्यात लहान जागा) १०२४ बाइटचा आणि डिरेक्टरीतली नोंद ३२ बाइटची. एका क्लस्टरमध्ये ३२ नोंदी, त्यातल्या एकटिंबी (हा फोल्डर) आणि दोनटिंबी (वरचा फोल्डर) या दोन नोंदी वजा केल्या तर ३० फाइली. पाच फोल्डरांचा एक केला की डिस्कवर ४ केबी आणि पूलमध्ये चार नोंदी सुटतात.